भाविक ख्रिस्ती क्लायंटला माइंडफुलनेस द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरजेतल्या एक समुपदेशक विचारतात: "क्लायंट ४३ वर्षांच्या, स्टाफ नर्स. दर रविवारी उपासनेला जाणाऱ्या, घरी रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना. नैराश्याचा तिसरा एपिसोड नुकताच ओसरलाय, गोळी चालू आहे. पुन्हा एपिसोड येऊ नये म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी माइंडफुलनेसवर (आत्ताच्या क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्यावर) आधारित उपचार सुचवले. बाई म्हणतात, 'ते विपश्यनेतलं आहे, आमच्यात बसत नाही. मन रिकामं ठेवलं की दुसरंच काहीतरी आत शिरतं.' मी स्वतः ख्रिस्ती नाही. पुढे जावं की विषय सोडून द्यावा?"

पुढे जाता येईल. पण त्यांना पटवायच्या मागे लागू नका. त्यांनी विचार करून नाही म्हटलं तर त्यांच्यासाठी दुसरे चांगले उपचार आहेत, ते शेवटी सांगते तसे सरळ सुरू करा. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. 'ख्रिस्ती माणसाला माइंडफुलनेस चालतं का' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो फार ढोबळ आहे. कोणता आजार, त्यातला कोणता सराव, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या परंपरेतल्या ख्रिस्ती माणसाला, एवढं ठरलं की उत्तर आपोआप सापडतं.

आधी सुचवणं योग्य होतं का ते बघू. योग्य होतं. एमबीसीटी, म्हणजे माइंडफुलनेसवर आधारित बोधात्मक थेरपी, हा आठ आठवड्यांचा, आठवड्याला साधारण दोन तासांचा गटकार्यक्रम मुळात वारंवार येणाऱ्या नैराश्यासाठीच बांधला गेला. टीझडेल, सीगल, विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली छापलेल्या चाचणीत १४५ रुग्ण होते. ज्यांना तीन किंवा जास्त एपिसोड येऊन गेले होते, त्यांच्यापैकी नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्या ६६ टक्के लोकांना साठ आठवड्यांत पुन्हा नैराश्य आलं. एमबीसीटी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३७ टक्के होतं. दोनच एपिसोड झालेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. तुमच्या बाई तिसऱ्या एपिसोडवर आहेत, म्हणजे नेमक्या त्या गटात बसतात. पुढे २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ४२४ रुग्णांच्या चाचणीत गोळी हळूहळू कमी करत एमबीसीटी घेणारे आणि गोळी चालू ठेवणारे जवळपास बरोबरीत राहिले: दोन वर्षांत ४४ आणि ४७ टक्क्यांना पुन्हा एपिसोड. त्यावरून कुणी परस्पर गोळी बंद करू नये. ती कमी करायची की नाही, कधी आणि किती, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

आता बाईंची हरकत. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या ठेवा.

पहिली, 'ते विपश्यनेतलं आहे'. हे बऱ्याच अंशी खरं आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ वेदनेच्या रुग्णांसाठी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा झेन आणि विपश्यना या दोन्हींतून सराव उचलले आणि धार्मिक भाग बाजूला ठेवला. एमबीसीटी त्यातूनच निघालं. आपल्याकडचे बरेच समुपदेशक इथे घाबरून म्हणतात, "छे छे, याचा धर्माशी काही संबंध नाही, हे शुद्ध विज्ञान आहे." बाई घरी जाऊन मोबाइलवर दोन मिनिटांत शोधतील आणि तुमच्यावरचा विश्वास तिथेच संपेल. त्यापेक्षा असं सांगा: "या सरावांची मुळं बौद्ध परंपरेत आहेत, हे खरं. दवाखान्यात वापरताना त्यातून पूजा, मंत्र, पुनर्जन्म, निर्वाण हे काढलेलं आहे. लक्ष कुठे आहे हे ओळखायचं आणि परत आणायचं, एवढं कौशल्य ठेवलंय. ते तुमच्या श्रद्धेत बसतं का, हे तुम्ही ठरवायचं. विचार करायला आठवडा घ्या." तो आठवडा खरोखर द्या. त्याच बैठकीत सराव सुरू केलात तर या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

सांगली-साताऱ्याकडे या हरकतीला आणखी एक पदर असतो. काही क्लायंट पहिल्या पिढीतले ख्रिस्ती असतात आणि नातेवाईक हिंदू किंवा बौद्ध. त्यांच्यासाठी 'विपश्यना' हा शब्द एखाद्या पद्धतीचं नाव नसतो. आपण जे घर सोडून आलो, त्या घराचा दरवाजा असतो. अशा माणसाला "सगळे मार्ग शेवटी एकाच ठिकाणी जातात" हे कधीही सांगू नका. तुमच्या दृष्टीने तो उदारपणा असेल, पण त्यांच्या निर्णयाची किंमत तुम्ही एका वाक्यात पुसून टाकता.

दुसरी गोष्ट, 'मन रिकामं ठेवलं की काहीतरी आत शिरतं'. ही अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेऊ नका. तिला पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार आहे. मत्तय १२:४३-४५ मध्ये अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, परत येऊन बघतो तर घर रिकामं, झाडलेलं. मग तो आणखी सात जणांना घेऊन येतो. ज्यांनी हे लहानपणापासून ऐकलंय त्यांना "मन रिकामं करा" म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? गंमत म्हणजे चूक आपलीच असते. माइंडफुलनेसमध्ये मन रिकामं करायचं नसतंच. श्वास, पायाचे तळवे, आवाज, आलेला विचार असं काहीतरी समोर असतंच आणि त्याकडे बघायचं असतं. "विचार थांबवा, मन कोरं करा" ही वाक्यं टीव्हीवरच्या ध्यानशिबिरांतून आपल्या तोंडात बसली आहेत. ती काढून टाकली की निम्मी हरकत मिटते.

म्हणून आता शब्द. मराठीत या विषयाचं निम्मं काम शब्दांपाशी होतं किंवा बिघडतं. 'साक्षीभाव' हा शब्द वेदान्तातून येतो. शिवाय चर्चमध्ये 'साक्ष' म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं. "साक्षीभावाने बघा" म्हटलं की बाई गोंधळणार. 'ध्यान' म्हटलं की पद्मासन डोळ्यांपुढे येतं. 'मनन' हा शब्द त्यांच्या रोजच्या वापरातला आहे, स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात तो भेटतो. पण त्याचा अर्थ बायबलचं वचन मनात घोळवणं, म्हणून श्वासाच्या सरावाला तोही लावू नका. साधे शब्द पुरतात: 'भान', 'लक्ष', 'भानावर येणं'. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात उधळ्या मुलाबद्दल 'शुद्धीवर येऊन' असा शब्दप्रयोग आहे. डुकरांच्या शेंगा खाण्यापर्यंत पाळी आलेला मुलगा आपण कुठे आहोत हे प्रथमच बघतो. विचारांच्या रवंथात गुरफटलेल्या माणसाला मध्येच 'अरे, मी परत तेच उगाळतोय' असं लक्षात येणं म्हणजे काय, हे समजायला एवढं पुरतं. पण हा दाखला बाईंनी स्वतः काढला तर जास्त चांगला. आपण ख्रिस्ती नसताना वचनं पेरत बसलो की ते दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या जातीची भाषा बोलण्यासारखं वाटतं.

पहिल्या मुलाखतीत या गोष्टी विचाराच. चर्च कुठलं आणि किती वर्षांपासून. प्रार्थना कशी करता: मोठ्याने की मनात, स्वतःच्या शब्दांत की ठरलेली, बसून, गुडघे टेकून की काम करता करता. नैराश्य वाढतं तेव्हा प्रार्थनेचं काय होतं. हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कुणी म्हणतं, "शब्दच सुचत नाहीत." कुणी म्हणतं, "रात्रभर तेच मागत राहते, काढून टाक, काढून टाक." कुणी म्हणतं, "देव ऐकत नाही, म्हणजे माझ्यातच पाप असणार." तीन उत्तरं, तीन वेगळ्या दिशा. त्याशिवाय पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) किंवा घरच्यांनी आजाराबद्दल काय सांगितलंय आणि चंगाई सभेनंतर (प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेनंतर) कधी गोळ्या बंद केल्या होत्या का, हेही विचारा. आरोपाचा सूर नको. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, असं पौलच कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहितो. हे बहुतेक भाविकांना माहीत असतं आणि गोळीबद्दलच्या बोलण्यात ते आपसूक निघतंही.

परंपरा विचारायची ती उगीच नाही. कॅथलिक क्लायंटकडे जपमाळ असते, शांततेतली एकांतशिबिरं असतात आणि इग्नेशियस लोयोलांनी घालून दिलेलं दिवसाचं परीक्षण असतं. शांत बसणं त्यांना परकं वाटत नाही. त्यांच्यातल्या वाचणाऱ्यांना लोणावळ्याच्या 'साधना' संस्थेचे जेझुइट फादर अँथनी डिमेलो माहीत असतात, आणि १९९८ साली व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणाबद्दल सावध केलं होतं हेही माहीत असतं. १९८९ साली व्हॅटिकनने पौर्वात्य ध्यानपद्धतींबद्दल पत्र काढलं. त्याचा रोख सरसकट बंदीचा नाही. तंत्राला प्रार्थनेच्या जागी बसवू नका आणि शरीराला वाटणाऱ्या शांततेला पवित्र आत्म्याचं सांत्वन समजू नका, असा आहे. थेरपिस्टनेही हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. जुन्या मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळींमध्ये वचनाला पहिलं स्थान. इथे 'हे शास्त्रात कुठे आहे?' हा प्रश्न हमखास येणार. मिरजेत १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून इथल्या मंडळीत औषध आणि प्रार्थना शेजारी शेजारी नांदत आली आहेत, ही तुमची जमेची बाजू. पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये प्रार्थना मोठ्या आवाजात, सगळे एकदम, आणि दुरात्म्यांविरुद्धचा लढा हा रोजचा विषय. तिथे शांततेचाच संशय येऊ शकतो; डोळे उघडे ठेवून, चालता चालता करायचे सराव चालतात.

आणि ही चर्चा आजची नाही. ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी शेवटच्या वर्षांत साताऱ्यात बिऱ्हाड केलं आणि १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला. अभंग, कीर्तन, दिंडीचा थाट ख्रिस्ताच्या भक्तीत चालेल का, यावर तेव्हाही मंडळीत दोन तट होते. आज टिळकांची पदं प्रॉटेस्टंट उपासनेत सर्रास गायली जातात. पण याचा वापर 'बघा, ते चाललं मग हेही चालवा' असा करू नका. टिळकांनी बाहेरून आणलेला साचा उघडपणे ख्रिस्ताने भरला होता. तुम्ही दवाखान्यात ते करू शकत नाही आणि करायचंही नाही.

बाई हो म्हणाल्या असं धरू. पहिल्या आठवड्यातला प्रसिद्ध सराव म्हणजे एक मनुका पाच-दहा मिनिटं घेऊन खाणं: बघायचा, बोटांत फिरवायचा, कानाजवळ दाबायचा, वास घ्यायचा, ओठांवर ठेवायचा, मग हळू चावायचा. आपल्या जिल्ह्यात हा सराव वेगळाच रंग घेतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि तासगाव-कवठेमहांकाळकडच्या माणसाच्या हातात बेदाणा ठेवलात की तो आधी उजेडाकडे धरतो, रंग बघतो, दाबून ओल बघतो आणि भाव सांगतो. हिरवा चांगला, हा काळपट, याला पाणी लागलंय. 'निवाडा न करता बघा' असं सांगून दहा सेकंद झाली नाहीत तोवर प्रतवारी लागून मोकळी! रागावू नका, हेच शिकवायचं आहे. "बघितलंत, मनाने लगेच प्रत लावली. स्वतःलाही दिवसभर अशीच प्रत लावतं का?" एवढं विचारा आणि थांबा. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे आणि अवकाळीने माल गेलाय, त्यांना मात्र बेदाणा देऊ नका; तिथे कर्ज आधी आठवेल.

ख्रिस्ती क्लायंटबाबत एक आणखी बारकावा. प्रभुभोजनात, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि रस घेण्याच्या पवित्र विधीत, द्राक्षरस असतो आणि काही ठिकाणी तो बेदाणे भिजवून, उकळून करतात. हळूहळू, शांतपणे, एक छोटा घास खाणं त्यांना सरळ तिथे नेऊ शकतं. कुणाला ते भावतं, कुणाला पवित्र गोष्टीची थट्टा वाटते. भाकरीच्या तुकड्याचंही तेच होईल. भाजलेला शेंगदाणा किंवा गुळाचा खडा घ्या, प्रश्नच मिटतो.

खोलीतलंही बघा. बुद्धाची मूर्ती, ओमचं कॅलेंडर, अगरबत्ती, तिबेटी वाटी, घंटा हे काहीच लागत नाही. खुर्ची पुरते. पाय जमिनीवर, हात मांडीवर जसे येतील तसे. सुरुवात-शेवट "सुरू करूया", "आता थांबूया" या शब्दांनी. डोळे मिटणं ऐच्छिक. शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेण्याचा सराव मूळ कार्यक्रमात चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा असतो. नाइट ड्यूटी करून आलेल्या नर्सला झोपवून तो दिलात तर ती पाचव्या मिनिटाला घोरायला लागेल, आणि मग 'मला जमत नाही' म्हणून खंतावेल. बसून दहा ते पंधरा मिनिटांनी सुरुवात करा, तीही झोप झाल्यावर.

रोजच्या वापराला खरा उपयोगी पडतो तो तीन मिनिटांचा थांबा. त्याचे तीन टप्पे, प्रत्येकी सुमारे एक मिनिट. पहिलं: आत्ता काय चाललंय? कोणता विचार, कोणती भावना, शरीरात कुठे काय. नाव द्यायचं, दुरुस्त करायचं नाही. दुसरं: लक्ष गोळा करून श्वासावर, पोटाच्या हालचालीवर. तिसरं: तिथून पसरवून सगळ्या शरीरावर, चेहऱ्यावर, बसण्यावर. दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी. नर्ससाठी वेळ शोधायला लागत नाही: साबणाने हात धुण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे ४० ते ६० सेकंद लागतात, ती सेकंदं पाण्याचा गारवा आणि बोटांच्या मधली जागा यांना द्यायची. पूर्ण तीन मिनिटं ड्यूटी बदलताना. श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड वाढत असेल, दमा असेल किंवा पॅनिकची पार्श्वभूमी असेल तर श्वास सोडा. तळवे किंवा बाहेरचे आवाज घ्या. मिरज जंक्शनच्या आसपास राहणाऱ्याला आवाजांची वाण नाही.

यात प्रार्थना कुठे बसवायची? माझं ठाम मत आहे की बसवू नका. किमान पहिले चार आठवडे तरी दोन्ही वेगळे ठेवा: तीन मिनिटं थांबा, मग हवं तर त्यांची त्यांची प्रार्थना. अनेक पुस्तिका श्वास घेताना 'प्रभू येशू', सोडताना 'दया कर' असं जोडून देतात. अशी प्रार्थना पूर्वेकडच्या चर्चमध्ये शतकानुशतकं आहे आणि तिथे ती मोठी गोष्ट आहे. पण ती छातीतली धडधड कमी करायला केलेली नाही. भाविक माणसासाठी प्रार्थना म्हणजे कुणाशी तरी बोलणं. तिला आपण गोळीसारखं 'दिवसातून तीनदा, तीन मिनिटं' लिहून दिलं की दोन नुकसानं होतात. आराम पडला नाही तर 'प्रार्थनाही फुकट गेली' हा नवा घाव बसतो. आणि आराम पडला तर देव म्हणजे आराम देणारं यंत्र होतं, जे त्यांच्याच श्रद्धेला धरून नाही. क्लायंटने आपणहून जोडलं तर अडवू नका. विचारा फक्त, जोडल्यावर काय बदललं.

सर्वांत जास्त अडतं ते 'निवाडा करू नका' पाशी. भाविक माणूस ऐकतो: पापाला पाप म्हणू नका. हे स्पष्ट करून घ्या. इथे निवाडा म्हणजे अनुभवावरचा शेरा: 'मला रडू आलं म्हणजे माझा विश्वास कमी', 'आजही उठवत नाही, मी निकामी'. वागण्यातल्या बऱ्या-वाईटाचा विवेक कुणी काढून घेत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, पश्चात्ताप आणि नैराश्यातलं उगाळणं यांत फरक कसा ओळखायचा? पश्चात्तापाला नाव असतं: अमक्याला असं बोलले, आणि पुढे पाऊल असतं: कबूल करणं, माफी, भरपाई. ते झालं की तो संपतो. उगाळण्याला नेमकं नाव नसतं, पाऊल नसतं, आणि क्षमा झाल्याचं मान्य करूनही ते दुसऱ्या दिवशी पहाटे चारला परत तिथेच असतं. हा फरक कागदावर दोन रकान्यांत लिहायला लावा, आठवडाभर. बऱ्याच क्लायंटना स्वतःचं नैराश्य ओळखायला याचा श्वासाच्या सरावापेक्षा जास्त उपयोग होतो.

'स्वीकार' हाही असाच अडणारा शब्द. हार मानणं, प्रभूने बरं करावं ही आशा सोडणं असा तो ऐकू येतो. इथे क्रुसावर जाण्याआधीची येशूची गेथशेमाने बागेतली प्रार्थना त्यांना माहीत असते: दुःखाचा प्याला टळू दे असं मागणंही आहे, घामाघूम होणंही आहे, पळून न जाणंही आहे. आणि विलापाची स्तोत्रं आहेत. १३ वं स्तोत्र 'कुठवर?' विचारत सुरू होतं, ८८ वं तर अंधारातच संपतं. चर्चमध्ये 'सदा आनंदी राहा'च जास्त ऐकलेल्या बाईंना ८८ वं स्तोत्र पवित्र शास्त्रातच आहे हे कित्येकदा नव्याने कळतं. ते पाळकांकडून कळलं तर उत्तम.

विचारांबद्दल एक खरी टक्कर आहे, ती लपवू नका. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रत्येक विचार अंकित करून ख्रिस्ताच्या आज्ञेत आणण्याची भाषा आहे; आपण सांगतो विचार येऊ द्या, जाऊ द्या. बहुतेकांना एवढं सांगून चालतं की धरायचा तरी आधी दिसायला हवा. पण ज्यांना धार्मिक स्वरूपाची ओसीडी (नको असलेले विचार आणि त्यांपायी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृतींचा आजार) आहे त्यांच्यात हे फार घातक होतं. मनात शिवी आली, अश्लील चित्र आलं, पवित्र आत्म्याची निंदा झाली अशी भीती. मग तो विचार पकडायला, रद्द करायला तीच प्रार्थना 'बरोबर वाटेपर्यंत' तीस-चाळीस वेळा. विचार दाबला की तो वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ वेग्नर यांनी १९८७ साली 'पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका' असं सांगण्याच्या प्रयोगातून दाखवलं. अशा क्लायंटला श्वासाबरोबरची प्रार्थना दिलीत तर ती आणखी एक कर्मकांड होऊन बसेल. त्यांना माइंडफुलनेस ही पहिली निवड नाही. ओसीडीसाठीची प्रतिसाद रोखण्याची थेरपी आणि औषध लागतं, आणि कोणती प्रार्थना श्रद्धेची, कोणती आजाराची हे ठरवायला पाळक किंवा फादर बरोबर असले तर काम सोपं होतं.

आणखी कुणाला थांबवायचं? आत्महत्येचे विचार चालू असलेल्याला, आवाज ऐकू येणाऱ्याला किंवा देवाने खास कामगिरी दिलीय असा भ्रम असलेल्याला, आणि ताज्या आघाताची दृश्यं डोळ्यांपुढे येणाऱ्याला. लांब शांतता त्यांना सोसत नाही. मात्र 'प्रभू माझ्याशी बोलला' हे वाक्य म्हणजे आपोआप लक्षण नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ३ सांगतं की समाजातल्या धार्मिक समजुतींशी न जुळणं हा निदानाचा आधार होऊ शकत नाही. मंडळीतले बाकीचे लोक अशाच अर्थाने ते बोलतात का, की त्यांनाही हे वेगळं वाटतंय, ते विचारा.

गटाचा प्रश्न छोट्या शहरात खरा अडचणीचा. एमबीसीटी गटात देतात, आणि मिरजेत दहा माणसांच्या गटात एक तरी याच मंडळीतला किंवा याच वॉर्डातला निघणार. आधी यादी नजरेखालून घाला. शंका असेल तर वैयक्तिक द्या, तासाभराच्या बैठका करून. पाळकांशी बोलायचं तर आधी लेखी संमती, आणि संमतीत काय सांगायचं व काय नाही हेही लिहून. गोपनीयता हा याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बाईंचा हक्क आहे, पाळकसाहेब कितीही जवळचे असले तरी. बोलताना निदानाची चर्चा नको. सराव काय आहे ते तीन वाक्यांत सांगा, कागदावर लिहिलेल्या सूचना दाखवा, आणि विचारा: यातलं कोणतं वाक्य खटकतं? वाक्य बदलून घ्या. चांगले पाळक बहुधा एक-दोन शब्दच बदलतात.

"माझ्यासाठी प्रार्थना कराल का?" असं बाईंनी विचारलं तर खोटं हो म्हणू नका आणि प्रश्न टोलवूही नका. "तुम्ही करा, मी शांत बसते" हे पुरतं. तुम्ही ख्रिस्ती नाही याची फार काळजी नको. १९९२ साली प्रॉप्स्ट यांच्या चाचणीत धार्मिक रुग्णांना त्यांच्या श्रद्धेत बसवलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) दिली, आणि ती देणाऱ्या स्वतः धार्मिक नसलेल्या थेरपिस्टांच्या हातूनही ती चांगली चालली. उलट २०१५ च्या १३२ रुग्णांच्या चाचणीत धार्मिक भाषेतली आणि साधी सीबीटी एकंदरीत सारखीच ठरली. म्हणजे वचनं घातल्याने उपचार आपोआप जोरदार होत नाही. क्लायंट टिकून राहतो का, एवढ्यापुरता त्याचा उपयोग.

बाई नाही म्हणाल्या तर: सीबीटी, किंवा कृतींचं वेळापत्रक लावणारी थेरपी, आणि गोळी चालू. या बाईंसाठी वेळापत्रक चर्चमध्येच अर्धं तयार आहे. महिला सभा, गायनमंडळ, आजाऱ्यांची भेट यांतलं काय बंद पडलंय ते लिहून घ्या आणि सर्वांत छोटं आधी सुरू करा: गायनाच्या सरावाला वीस मिनिटं जाऊन बसणं, गायचं नाही. बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडतो तेव्हा दूत त्याला उपदेश करत नाही. उठवून भाकर-पाणी देतो, परत झोपू देतो, परत खायला देतो. देवाची मंद वाणी नंतर येते. झोप आणि जेवणाचा तक्ता भरून घ्यायला बाईंची ना नसेल.

दोन्हींपैकी कोणताही रस्ता घेतलात तरी दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा. गुण ० ते २७. १० किंवा वर गेले, किंवा आधीपेक्षा ५ ने वाढले तर मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर त्याच दिवशी बोला, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तासांचा नंबर बाईंच्या फोनमध्ये स्वतः सेव्ह करून द्या. चौथ्या आठवड्यात थेट विचारा: "या सरावामुळे तुमच्या प्रार्थनेला काही झालं का?" प्रार्थना सुटत चालली, किंवा सराव झाल्यावर अपराधी वाटतंय असं उत्तर आलं तर गुण कितीही सुधारलेले असोत, तिथे थांबा आणि सीबीटीकडे वळा. प्रार्थना जमायला लागली असं म्हणाल्या तर वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि पाचवा आठवडा सुरू करा.